सबट्रिमचे पान

माझ्या ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे मॉडेल विमान जमिनीवरून चालवायच्या हातातल्या रेडिओत, ‘सबट्रिम’ नावाचे एक पान आहे. गेल्या हिवाळ्यात नवे विमान जुळवायला घेताना ते पान शक्यतो उघडायचेच नाही, असे मी स्वतःला बजावले होते. रेडिओवर विमाने उडवणाऱ्यांना हे विचित्र वाटेल, कारण सबट्रिम ही अगदी साधी सोय आहे. सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणारी छोटी मोटर) मध्यावर असताना त्याचा हात, म्हणजे त्यावरची छोटी दांडी, किंचित तिरका बसला असेल, तर दोन बटणे दाबून तो सरळ करता येतो. स्क्रू सोडवावा लागत नाही, पुशरॉडची, म्हणजे हात आणि हलता भाग जोडणाऱ्या सळईची, लांबी बदलावी लागत नाही. माझी अडचण नेमकी या सोयीशीच आहे.

याआधीचे माझे विमान ५० सीसी इंजिनाचे होते. त्याच्या उजव्या एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीच्या) सर्व्होचा हात मी एक दात चुकवून बसवला आणि ती चूक सबट्रिमने झाकली. हातही गरजेपेक्षा लांब निवडला होता, कारण डब्यात तोच शिल्लक होता. त्यामुळे एलेरॉन हवे त्याहून जास्त हलू लागले, तेव्हा सर्व्होची चाल मी ट्रान्समीटरमधूनच साठ टक्क्यांवर आणली. जमिनीवर सगळे देखणे दिसत होते आणि त्या विमानाने तीसेक उड्डाणे कुरकुर न करता केली. मग एका दुपारी बऱ्याच उंचीवरून, थ्रॉटल पुरता कमी न करता, ते सरळ खाली आणत असताना भुंग्यासारखा घोंघाट ऐकू आला. तो इंजिनाचा आवाज नाही, हे लक्षात येईपर्यंत एलेरॉन बिजागऱ्यांतून सुटले होते. विमान शेजारच्या सोयाबीनच्या शेतात गेले आणि त्यातले इंजिन तेवढे परत वापरण्याजोगे मिळाले.

या फडफडीला उडवणारे लोक फ्लटर म्हणतात. तिचे कारण समजायला फार गणित लागत नाही. ४० किलो-सेंटीमीटर जोराचा सर्व्हो एक सेंटीमीटर लांबीच्या हातावर ४० किलो पेलतो, पण तोच हात चार सेंटीमीटरचा केला की पेलण्याची ताकद १० किलोवर येते. शिवाय सर्व्होच्या गिअरमध्ये जो थोडासा सैलपणा असतोच, तो लांब हाताच्या टोकाशी त्याच पटीने वाढतो. सर्व्होची चाल ट्रान्समीटरमधून कमी केल्याने यातले काहीच सुधारत नाही. आखूड हात बसवून पूर्ण चाल वापरली, तर जोर वाढतो आणि सैलपणा कमी होतो. हे मला माहीत नव्हते असे नाही. मी यंत्र अभियंता आहे आणि दिवसभर दुसऱ्यांच्या जोडण्यांमधला सैलपणा मोजत असतो. घरी मात्र मी बटण दाबले.

म्हणून नवे विमान घेताना ठरवले, की जे पान्याने आणि स्क्रू ड्रायव्हरने सुधारता येईल, ते ट्रान्समीटरला सांगायचे नाही.

विमान म्हणजे एक्स्ट्रा ३३० एससीची ३५ टक्के आकाराची प्रतिकृती. मूळ एक्स्ट्रा ३०० हे जर्मनीच्या वाल्टर एक्स्ट्रा यांचे विमान; त्याचे पहिले उड्डाण १९८८ साली झाले. ३३० एससी ही त्याच घराण्यातली एका आसनाची, केवळ कसरतींसाठी बांधलेली आवृत्ती. तिच्या पंखांचा विस्तार साडेसात मीटर आहे, त्यामुळे प्रतिकृतीचा विस्तार सव्वादोन मीटरांच्या बराच पुढे, २.६ मीटरांच्या आसपास जातो. सांगाडा लेझरने कापलेल्या बाल्सा आणि प्लायवूडचा असतो, दोन्ही पंख एका कार्बनच्या नळीवर सरकवून बसवायचे असतात, आणि सगळे सुटे केल्यावर ते आमच्या मिनी व्हॅनमध्ये मागच्या सीट काढून कसेबसे मावते. इंधनाशिवाय वजन सव्वाबारा किलो भरले. पंख धडाच्या मध्यावर आणि त्यांचा छेद वरून-खालून सारखा असल्यामुळे विमान सुलटे उडते तसेच उताणेही उडते. कसरतीच्या विमानाकडून पहिली अपेक्षा हीच असते.

इंजिन १२० सीसीचे, समोरासमोर दोन सिलिंडरांचे, दोन स्ट्रोकचे आहे. त्यात दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, त्यामुळे त्यांचे हादरे एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. पेट्रोलमध्ये मी सुरुवातीला ३२ला १ या प्रमाणात तेल घातले. प्रॉपेलर २८ इंच व्यासाचा, म्हणजे जवळजवळ ७१ सेंटीमीटरचा आहे. मिनिटाला ६,३०० फेऱ्या धरल्या, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ८४० किलोमीटरच्या पुढे जातो. हा हिशेब मी मुलीकडून कागदावर करून घेतला आणि तळघरात इंजिनासमोरच्या भिंतीवर चिकटवला. ज्या यंत्राला ‘मॉडेल’ म्हणतात, त्याच्या पुढ्यात बोट किती निष्काळजीपणे जाऊ शकते, याची ती आठवण आहे.

सर्व्होंवर मी सगळ्यात जास्त आठवडे घालवले. प्रत्येक पंखात एलेरॉनसाठी दोन, शेपटीत नाक वर-खाली करणाऱ्या एलिव्हेटरच्या दोन अर्ध्यांसाठी एकेक आणि नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या रडरसाठी दोन, असे एकूण आठ, आणि थ्रॉटलचा नववा. नियम साधा आहे: कंट्रोल मध्यावर असताना सर्व्होचा हात पुशरॉडशी काटकोनात असावा, आणि पलीकडच्या हॉर्नचे, म्हणजे हलत्या भागावरच्या खुंटीचे, भोक बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर यावे. भोक रेषेच्या पुढे किंवा मागे गेले, तर एलेरॉन एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी हलते, आणि मग रोल घेताना विमान सरळ आसाभोवती न फिरता पिंपासारखे गडगडत जाते.

काटकोन साधणे वाटते तितके सोपे नाही, कारण सर्व्होच्या दंडावर २५ दात असतात. म्हणजे हात एक दात सरकवला की तो एकदम १४.४ अंशांनी फिरतो. इथे एक जुनी युक्ती उपयोगी पडते. हात दोन्ही बाजूंना पसरलेला असेल, तर तो उलटा फिरवून बसवावा. दातांची संख्या विषम असल्यामुळे दुसरे टोक अर्ध्या दाताने, म्हणजे ७.२ अंशांनी, सरकलेले मिळते. चार टोकांचा हात असेल तर पाव दाताचा फरक साधता येतो, आणि ३.६ अंशांच्या टप्प्यांनी काटकोनाच्या खूप जवळ जाता येते. मी चार टोकांचे हात घेतले, आठही सर्व्होंवर एकेक टोक करून पाहिले, जे सर्वांत जवळ आले त्यावर खूण केली आणि उरलेली तीन कापून टाकली. या कामात दोन रविवार गेले. “बाबा, तू चार हातांतून एक निवडतोस आणि तीन फेकतोस, मग एकच विकत का घेत नाहीस?” असे मुलीने विचारले, आणि दातांचे गणित तिला समजावताना ते मलाही अधिक नीट समजले.

एकाच एलेरॉनवर दोन सर्व्हो असतील, तर ते दोघे सख्ख्या भावांसारखे वागावे लागतात, आणि सख्खे भाऊ कसे वागतात हे सर्वांना ठाऊक आहे. एक सर्व्हो एलेरॉनला जिथे न्यायचे म्हणतो, तिथून अर्धा मिलिमीटर पलीकडे दुसरा म्हणत असेल, तर दोघे एकमेकांशी झगडत राहतात, गरम होतात आणि बॅटरी खातात. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मी प्रत्येक जोडीत मालिकेने अँमीटर लावला आणि मध्यावर, पूर्ण वर आणि पूर्ण खाली अशा तिन्ही ठिकाणी प्रवाह पाहिला. आधी पुशरॉडची लांबी तिच्या टोकाच्या सांध्याच्या, म्हणजे बॉल लिंकच्या, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने बदलली. तीन जोड्यांपैकी दोन तेवढ्यावर शांत झाल्या. उजव्या पंखातली जोडी मात्र काही केल्या ऐकेना, कारण तिथले एक हॉर्न कारखान्यातूनच जरासे पुढे बसून आले होते. अखेरीस त्या एका सर्व्होसाठी सबट्रिमचे पान उघडावे लागले. तिथे ११ हा आकडा भरला तेव्हा प्रवाह खाली आला.

बिजागरीच्या फटी पारदर्शक टेपने बंद करणे हे काम अनेकजण टाळतात, पण माझ्या मते ते टाळण्यासारखे नाही. फटीतून हवा एका बाजूकडून दुसरीकडे निसटत राहिली, तर तेवढ्याच हालचालीत कंट्रोलचा परिणाम कमी होतो, आणि फडफडीलाही वाव मिळतो.

विजेच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. विमानातल्या रिसीव्हरला दोन बॅटऱ्या आणि दोन वेगळे स्विच आहेत, म्हणजे एक निकामी झाली तरी दुसरी विमान उतरवेल. इंजिनाच्या इग्निशनची बॅटरी निराळी आहे, आणि ते इग्निशन ट्रान्समीटरवरून बंद करण्याची सोय आहे. कार्बन रेडिओलहरी अडवतो, म्हणून अँटेना कार्बनच्या नळीपासून दूर आणि एकमेकींशी काटकोनात बसवल्या. संपर्क तुटला तर थ्रॉटल पूर्ण बंद होईल असे फेलसेफ ठेवले आणि ट्रान्समीटर बंद करून ते खरोखर होते की नाही ते पाहिले. ही परीक्षा न घेता विमान मैदानावर आणणाऱ्यांजवळ मी उभा राहत नाही.

गुरुत्वमध्य सुरुवातीला पंखांच्या नळीवर ठेवला. मॉडेल पुढे जड असेल तर शेपटीत शिसे घालण्यापेक्षा बॅटऱ्या मागे न्याव्यात. सव्वाबारा किलोच्या विमानात आणखी मेलेले वजन कशाला? पेट्रोलची टाकी नळीच्या जवळच ठेवली, म्हणजे इंधन संपत गेले तरी तोल सरकत नाही. आडवा तोलही पाहावा लागतो. प्रॉपेलरचा दंड आणि शेपटी यांना दोरी बांधून विमान टांगले, तर डावा पंख हळूहळू खाली गेला, म्हणून उजव्या पंखाच्या टोकात थोडे वजन बसवले. बायको वरच्या जिन्यातून हे पाहत होती. “अरे, पाळणा कोणाचा बांधतो आहेस?” एवढेच ती म्हणाली.

मी इंडियानात राहतो. मंसी इथे अमेरिकेतल्या मॉडेल विमान उडवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संस्थेचे, म्हणजे १९३६ साली स्थापन झालेल्या अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सचे, मुख्य ठिकाण आहे. त्यामुळे या छंदाला आमच्या राज्यात मान आहे, आणि नियमही आहेत. २५० ग्रॅमपेक्षा जड विमानासाठी एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेकडे नोंदणी करावी लागते, तो क्रमांक विमानाच्या बाहेरच्या अंगावर दिसेल असा लिहावा लागतो, आणि अनियंत्रित हवाई क्षेत्रात ४०० फुटांच्या वर जाता येत नाही. ५५ पौंडांपुढच्या मॉडेलांना आणखी कडक अटी आहेत. माझे त्याच्या निम्म्यात आहे. कॉलेजात एनसीसीच्या हवाई विभागात आम्ही तारांना बांधलेली कंट्रोल-लाइनची विमाने गोल गोल फिरवत असू, तेव्हा उंचीची मर्यादा तारेच्या लांबीवर ठरत असे. तो नियम मोडणे कोणाच्या हातात नव्हते.

पहिले उड्डाण मे महिन्यातल्या एका सकाळी झाले. आमच्या मैदानावर एक वयस्कर सद्गृहस्थ आहेत, ज्यांनी माझ्या वयाइतकी वर्षे ही विमाने उडवली आहेत. ते शेपटी धरून बसले. चोक बंद, इग्निशन चालू, जाड हातमोजा, प्रॉपेलरला झटके. चौथ्या झटक्याला एक ठिणगी बोलली. चोक उघडला, आणखी तीन झटके दिले आणि इंजिन सुरू झाले. ते गरम होऊ दिले, मग इंजिन चालू असतानाच ट्रान्समीटर कमी शक्तीवर ठेवून तीस पावले चालत जाऊन संपर्क तपासला. त्यानंतर त्यांनी प्रॉपेलरचे सहाही बोल्ट पुन्हा आवळायला लावले. प्रॉपेलर लाकडी होता, आणि लाकूड पहिल्यांदा गरम होऊन हादरले की दबते. एक बोल्ट खरोखर पाव फेरा फिरला.

एवढे मोठे विमान लहान विमानापेक्षा सावकाश उडते, असा भास होतो. खरे पाहता वेग कमी नसतो, पण आकार मोठा असल्याने डोळ्याला अंतर कापल्याचे कमी जाणवते आणि हाताला वेळ मिळतो. धावपट्टीवरून उचलायला अर्ध्यापेक्षा थोडा जास्त थ्रॉटल पुरला. या इंजिनाचा ओढ विमानाच्या वजनाच्या दुपटीच्या घरात असल्याने ते उभे चढताना अडत नाही. सरळ उडताना डावीकडे कलण्याची किंचित खोड होती, ती ट्रिमच्या, म्हणजे उडतानाच कंट्रोलचा मध्य किंचित सरकवणाऱ्या बटणाच्या, तीन टिचक्यांनी गेली. उतरल्यावर मी तेवढ्याच मापाने पुशरॉडची लांबी बदलली आणि ट्रिम शून्यावर आणला. सद्गृहस्थांनी काही न बोलता मान हलवली. ती पसंती होती की कीव, हे मला अजून कळलेले नाही.

पुढच्या सहा-सात उड्डाणांत जे केले, तेच या छंदातले मला सर्वांत आवडते काम आहे. गुरुत्वमध्याची परीक्षा अशी: विमान ४५ अंशांत चढवायचे, उताणे करायचे आणि ट्रान्समीटरवरची एलिव्हेटरची काडी सोडून द्यायची. नाक झपकन जमिनीकडे वळले तर विमान पुढे जड आहे. रेषा तशीच राहिली किंवा अगदी हळू वाकली तर ठीक. माझे झपकन वळत होते. दोन्ही बॅटऱ्या मिळून ४०० ग्रॅमच्या. त्या १५ सेंटीमीटर मागे नेल्या, तेव्हा गुरुत्वमध्य पाच मिलिमीटरांच्या आसपास मागे आला आणि रेषा टिकू लागली.

मग उभी चढण. पूर्ण थ्रॉटलवर सरळ वर नेताना विमान हळूहळू डावीकडे झुकत होते. प्रॉपेलरने मागे फेकलेली हवा धडाभोवती पिळवटत जाऊन शेपटीच्या एका बाजूवर आदळते, आणि त्यावर उतारा म्हणून इंजिन आधीच दोन-तीन अंश उजवीकडे रोखलेले असते. माझ्या विमानाला ते थोडे कमी पडत होते. थ्रॉटल वाढला की रडर आपोआप उजवीकडे द्यावा, असे मिक्स ट्रान्समीटरमध्ये दोन मिनिटांत लावता येते, आणि मैदानावर तिघांनी मला ते सुचवलेही. मी घरी येऊन काऊल, म्हणजे इंजिनावरचे आवरण, काढला. इंजिनाच्या आधाराच्या डाव्या आणि उजव्या बोल्टांत ८० मिलिमीटर अंतर आहे. डाव्या बाजूला ०.७ मिलिमीटर जाडीचे वॉशर घातले की अर्धा अंश मिळतो. तेवढा मिळाला आणि पुढच्या खेपेस विमान सुतासारखे वर गेले. अर्थात याची किंमतही मोजावी लागली. प्रॉपेलरचा दंड दीड मिलिमीटर उजवीकडे सरकला, त्यामुळे काऊलची भोके बुजवून पुन्हा पाडावी लागली, आणि स्पिनरभोवतीची (प्रॉपेलरच्या मध्यावरच्या टोपीभोवतीची) फट आता नीट पाहणाऱ्याला एका बाजूला अरुंद दिसते. मला ती पाहताना समाधान वाटते.

माझा हट्ट नाइफ-एजला येऊन थांबला. यात विमान कुशीवर वळवून, रडरने नाक वर धरून, सरळ रेषेत न्यायचे असते. माझे विमान रडर दिला की पोटाकडे, म्हणजे चाकांच्या दिशेने, वाकत होते. मी पुन्हा गुरुत्वमध्य तपासला, एलिव्हेटरचे दोन्ही अर्धे कोनमापकाने जुळवून पाहिले, दोन शनिवार घालवले. फरक पडला नाही. हे वाकणे जोडणीतले नव्हते, ते पंख, धड आणि शेपटी यांच्या परस्पर स्थानांतून येत होते आणि रडर दिला तेव्हाच उगवत होते. तेव्हा मी निमूटपणे ट्रान्समीटरमध्ये रडरबरोबर चार टक्के अप एलिव्हेटर मिसळला, आणि वाकणे गेले. तेव्हापासून मी भेद असा करतो: काड्या मध्यावर असताना जो दोष दिसतो तो पान्याचा, आणि एखादी काडी हलवल्यावरच जो दिसतो तो बहुधा ट्रान्समीटरचा.

हे सगळे कशासाठी, तर आकृत्यांसाठी. काडी कानाकोपऱ्यांत दाबून प्रॉपेलरवर लटकणे, गिरक्या घेणे, हा प्रकार मी दुसऱ्यांचा आनंदाने पाहतो. मला ओढ आहे ती नेमून दिलेल्या क्रमाने, एकसारख्या त्रिज्येच्या कमानी आणि सरळ रेषा काढण्याची. इंटरनॅशनल मिनिएचर एरोबॅटिक क्लबच्या स्पर्धांत बेसिकपासून अनलिमिटेडपर्यंत पाच पायऱ्या असतात आणि मी पहिलीवर आहे. आकृत्या होसे लुईस अरेस्ती या स्पॅनिश वैमानिकाच्या चिन्हलिपीत कागदावर छापलेल्या असतात. प्रत्येक आकृतीला १० पैकी गुण, आणि दर पाच अंशांच्या चुकीला अर्धा गुण वजा. वारा आडवा असला तरी कोलांटी गोलच दिसली पाहिजे, याची सवय व्हायला मला पूर्ण उन्हाळा लागला, आणि ती अजूनही वाऱ्याच्या दिशेला अंड्यासारखी लांबते.

उडवणाऱ्याच्या मागे उभे राहून पुढची आकृती वाचून दाखवणारा एक साथीदार लागतो. ते काम मुलीने घेतले आहे. ‘लूप’ला ती ‘कोलांटी’ म्हणते आणि ‘इन्व्हर्टेड’ला ‘उताणे’. एका सराव-स्पर्धेत “आता अर्धी कोलांटी, मग उताणे, मग सुलटे हो बाबा” असे तिने खणखणीत आवाजात सांगितले, तेव्हा शेजारच्या परीक्षकांनी ही कुठली सांकेतिक भाषा, असे विचारले.

ऑक्टोबरच्या अखेरीस शेवटचे उड्डाण करून विमान तळघरात आणले आणि प्रत्येक सर्व्होचा स्क्रू, प्रत्येक बॉल लिंक हाताने हलवून पाहिली. एलेरॉनच्या मागच्या कडेशी सैलपणा मोजला, तो वसंतातल्या मापाइतकाच होता. सबट्रिमच्या पानावर आठपैकी सात आकडे शून्य आहेत आणि उजव्या पंखातल्या दुसऱ्या सर्व्होसमोर ते ११ अजून तसेच आहेत. ते घालवायचे तर इपॉक्सीने पक्के बसलेले हॉर्न कोरून काढावे लागेल आणि एलेरॉनचे आवरण तिथे फाडावे लागेल. जानेवारीत बर्फ पडून मैदान बंद झाले की ते काम काढीन म्हणतो. बारीक पाते आणि त्याच लाल रंगाच्या आवरणाचा एक तुकडा टेबलाच्या खणात काढून ठेवला आहे.